वर्षाचा मुक्काम

दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन मी अजून जिवंत आहे, असे मला सांगावे लागते. गोदीच्या हिशेबखात्यात पस्तीस वर्षे काढल्यावर जे निवृत्तिवेतन मिळते, ते हयातीच्या दाखल्याविना पुढे सरकत नाही. आता म्हणे हा दाखला घरबसल्याही देता येतो. पण माझा त्यावर विश्वास नाही. मी आपला सकाळी नवाला रांगेत उभा राहतो, चार समवयस्क भेटतात, गुडघेदुखीची देवाणघेवाण होते, नि सही करून मी वर्षभर जगण्याची परवानगी घेऊन घरी येतो. या रांगेपेक्षा मोठी रांग म्हाताऱ्या माणसाच्या नशिबी असू शकते, हे मला ठाऊक नव्हते. ते मी २०२४ च्या जानेवारीत थायलंडमध्ये पाहिले.

त्याचे असे झाले. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी आमच्या गोदीत नव्या क्रेन बसवायला विलायतेहून एक इंजिनिअर आले होते. चार वर्षे राहिले. मी त्यांच्या बिलांवर लाल शाईच्या खुणा करी आणि ते माझ्याशी भांडत. त्या भांडणातूनच आमचा स्नेह जमला. ते मला 'कॅशियर' म्हणत, मी त्यांना 'साहेब' म्हणे. आणि हे आजही चालू आहे. निवृत्त झाल्यावर साहेब नि मॅडम २००५ साली उत्तर थायलंडात चिआंग माईला जाऊन राहिले. २०२३ च्या सप्टेंबरात मॅडम गेल्याचे पत्र आले. खाली एकच ओळ होती, "थंडीत येशील का?" मी नोव्हेंबरातला माझा जिवंतपणा बँकेत नोंदवला आणि तिकीट काढले.

गंमत पाहा. भारतीय प्रवाशांना थायलंडने २०२३ च्या नोव्हेंबरापासून व्हिसा माफ केला होता. बँकॉकच्या विमानतळावर माझ्या पासपोर्टावर शिक्का बसला, तीस दिवस! ना अर्ज, ना फी. तिथून साडेसातशे किलोमीटरचा रात्रीचा आगगाडीचा प्रवास, आणि सकाळी स्टेशनावर साहेब उभे. वय एकोणऐंशी. काठी नवी होती, आवाज जुनाच.

चिआंग माई या नावाचा अर्थ नवे शहर. राजा मंगराय याने ते १२९६ साली वसवले, म्हणजे आपल्याकडे ज्ञानेश्वर महाराजांनी समाधी घेतली त्याच वर्षी. जुने गाव चौकोनी, भोवती पाण्याने भरलेला खंदक, मागे दोई सुतेपचा डोंगर आणि त्यावर सोनेरी स्तूप. जानेवारीतली पहाट महाबळेश्वराची आठवण करून देते. गल्लोगल्ली देवळे. भिक्षू पहाटे अनवाणी भिक्षेला निघतात नि बाया उंबऱ्यात भाताची भांडी घेऊन बसतात. स्वस्ताई, चांगली इस्पितळे, मायाळू माणसे; परदेशी पेन्शनर इथे का येऊन राहतात, हे दोन दिवसांत कळते.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी कपाटातून एक फाईल काढली. गोदीतल्या फायलींनी लाजावे अशी ती जाडजूड. "कॅशियर," ते म्हणाले, "ऑडिट कर."

पन्नाशी ओलांडलेल्या परदेशी माणसाला निवृत्त म्हणून तिथे राहता येते, पण एका वेळी एकच वर्ष. थाई बँकेत आठ लाख बात दाखवायचे किंवा दरमहा पासष्ट हजारांची आवक. फी एकोणीसशे बात. अर्ज, फोटो, पासपोर्टच्या प्रत्येक पानाची नक्कल, प्रत्येक नकलेवर सही, बँकेचे पत्र आणि घराचा हाताने काढलेला नकाशा. साहेबांनी नकाशा इंजिनिअरला शोभेल असा प्रमाणात काढला होता. कोपऱ्यावरचे आंब्याचे झाडसुद्धा त्यात होते. शिवाय दर नव्वद दिवसांनी आपला पत्ता कळवायचा. मधे देशाबाहेर जायचे, तर परत येण्याची वेगळी परवानगी आधी काढायची. विसरलात तर वर्षाची मुदत तिथेच संपली. घरी परदेशी पाहुणा उतरला, तरी घरमालकाने चोवीस तासांत कळवावे लागते. माझ्या येण्याची वर्दीसुद्धा साहेबांच्या घरमालकीणबाईंनी दिली होती!

"पूर्वी सोपे होते," साहेब म्हणाले. पूर्वी आवकीचे पत्र ब्रिटिश वकिलात देई. २०१९ पासून ते बंद झाले. विलायतेचे सरकारी पेन्शन थायलंडात राहणाऱ्याला वाढत नाही. पहिल्या दिवशी जेवढे, तेवढेच जन्मभर. साहेब आले तेव्हा पौंडाला सत्तरच्या आसपास बात मिळत. नंतर ते चाळीस-पंचेचाळिसावर आले. म्हणून साहेबांनी आठ लाख बँकेत टाकून ठेवले आणि त्यांच्याकडे पाहत उरलेल्यात संसार केला.

मी पासबुक उघडले. जुनी सवय; बोट रकान्यावरून खाली सरकत गेले आणि ऑगस्टपाशी थांबले. २०१९ च्याच मार्चपासून नियम आहे. अर्जाआधी दोन महिने आणि मंजुरीनंतर तीन महिने आठ लाख. बाकी वर्षभर खात्यात चार लाखांच्या खाली जायचे नाही. ऑगस्टमध्ये अकरा दिवस खात्यात तीन लाख साठ हजार होते.

"इस्पितळ?" मी विचारले.

साहेबांनी मान हलवली. ऑक्टोबरात मुलाने पैसे पाठवले होते, आता शिल्लक पुरी होती. पण पासबुक काही विसरत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या कचेरीच्या बाजूला नुसते पाहायला गेलो. अशा कचेरीभोवती जे उगवते ते सगळ्या जगात सारखेच! फोटोवाले, नकला काढणारे, कॉफीवाले आणि एजंट. आपल्या आरटीओबाहेरचा रस्ता उचलून तिथे नेऊन ठेवावा, फक्त केर काढावा. एका दुकानात इस्त्रीच्या कपड्यांतली एक मुलगी बसली होती. तिने हात जोडून नमस्कार केला, पाणी दिले आणि पासबुक चाळले. तिचेही बोट ऑगस्टपाशी थांबले.

एजंट दोन जातीचे असतात, हे मला तिथे समजले. एक फॉर्म भरतो, कागद लावतो, गुडघे दुखणाऱ्याच्या वतीने धावपळ करतो. त्याचे पैसे कष्टाचे. दुसरा म्हणतो, कागदांची काळजीच नको. खाते नवे उघडू, पैसे आम्ही भरू, काम झाले की आम्ही काढून घेऊ. ती मुलगी या दुसऱ्या प्रकाराबद्दल अगदी हळू, आर्जवाने बोलत होती. "आजोबांनी फक्त एकदा फोटोला यायचे," ती म्हणाली.

खरे सांगतो, मी रस्त्यावर येताच म्हणालो, "साहेब, देऊन टाका." लायसन्ससाठी मी स्वतः मुंबईत एजंटाचे पाय धरलेले आहेत. एजंट आपल्याला कागद विकत नाही, रात्रीची झोप विकतो, असे माझे मत होते आणि झोपेला पैसे मोजायला माझी कधी हरकत नव्हती.

साहेब काही बोलले नाहीत. त्यांनी रिक्षा केली आणि मला पिंग नदीपलीकडे घेऊन गेले.

तिथे जिमखाना क्लबाला लागून परदेशी लोकांची दफनभूमी आहे. १८९८ साली राजा चुलालोंगकोर्न यांनी ती जागा दिली. मिशनरी, सागवानाच्या कंपन्यांतले गोरे, त्यांची लहानगी मुले असे कितीजण तिथे निजले आहेत. मधे व्हिक्टोरिया राणीचा पुतळा. मुंबईतली राणी आपण चौथऱ्यावरून उतरवून बागेत ठेवली; ही इथे आपल्या माणसांवर पहारा करीत उभी आहे. मॅडमची जागा एका झाडाखाली होती. माती अजून बसायची होती.

"कॅशियर, तुझी ती मुलगी एक वर्ष मिळवून देईल," साहेब म्हणाले. "पण खोटा पैसा दाखवला हे पुढे कधी उघडकीस आले, तर मला बाहेर काढतील, नाव काळ्या यादीत घालतील. मग हिच्याकडे यायचे कसे?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. एवढी वर्षे मी लाल शाई वापरली ती दुसऱ्यांच्या कागदांवर.

सोमवारी पहाटे आम्ही कचेरीत गेलो. दार उघडायला वेळ होता, तरी बाहेर बाकांवर मंडळी जमली होती. एक जर्मन जोडपे थर्मासमधून कॉफी पीत होते. काठी टेकणारा एक ऑस्ट्रेलियन सगळ्यांना नवे नियम समजावत होता आणि एक अमेरिकन त्याला प्रत्येक वाक्याला खोडून काढत होता. रेशनच्या रांगेत आपल्याकडे जसा एक सर्वज्ञ असतो, तसा तिथेही असतो. फक्त इथे दोन होते. सगळे सत्तरीच्या पुढचे. कोणी आयुष्यात जहाजे चालवली, कोणी शाळा. आज प्रत्येकाच्या मांडीवर एक फाईल आणि चेहऱ्यावर परीक्षेच्या दिवशीचे भाव. इंग्रजाने बांधलेल्या गोदीत नोकरी केलेला मी तेवढा बिनव्हिशाचा, मोकळा बसलो होतो. याची मला मौज वाटायला हवी होती, वाटली नाही.

मी इस्पितळाची बिले तारीखवार लावली होती, वर खुलाशाचे पत्र, शेवटी मृत्यूचा दाखला. खिडकीतल्या बाई चाळिशीच्या होत्या. त्यांनी "आयु?" असे काहीसे विचारले. थाई भाषेत वयाला आयुच म्हणतात, हे ऐकून मला क्षणभर घरच्यासारखे वाटले. मग त्यांचे बोट रकान्यावरून खाली आले आणि ऑगस्टपाशी थांबले. त्यांनी बिले वाचली, सगळी वाचली. मृत्यूचा दाखला वाचून त्यांनी हात जोडले. आत जाऊन वरिष्ठांना विचारून आल्या.

"नियमात बसत नाही," त्या म्हणाल्या. "या मुदतीवर पुढचे वर्ष देता येत नाही." मग त्यांनी स्वतःच एका कोऱ्या कागदावर उपाय लिहून दिला. मुदत संपायच्या आत देशाबाहेर जायचे, प्रवासी म्हणून परत यायचे, निदान पंधरा दिवस शिल्लक असताना दोन हजार बात भरून नवा व्हिसा मागायचा. त्याचे नव्वद दिवस मिळतील. आणि मग, सगळे बरोबर असले तर, एक वर्ष.

म्हणजे २००५ पासूनचे सगळे शिक्के पुसले गेले. पुन्हा श्रीगणेशा.

रात्रभर बसमध्ये बसून आम्ही लाओसच्या सीमेवर नोंग खायला गेलो. तिथे मेकाँग नदीवर १९९४ साली झालेला मैत्रीपूल आहे. पलीकडे विएनतिआनमध्ये एक रात्र काढली. नदीकाठी मासा खाल्ला, साहेबांनी मॅडमच्या आवडीची भाजी मागवली आणि नुसती समोर ठेवली. दुसऱ्या सकाळी परत पुलावर आलो. रांगेत आमच्यापुढे पाठीवर पिशव्या घेतलेली पोरे होती, मागेही पोरे. अधिकाऱ्याने साहेबांचा पासपोर्ट घेतला. शिक्क्यांनी गच्च भरलेल्या त्या पुस्तकातले एक कोरे पान शोधून शिक्का मारला. तीस दिवस! मग माझा. तीस दिवस!

साहेबांनी दोन्ही पासपोर्ट शेजारी धरून पाहिले. मला वाटले, हे आता खचणार. पण ते जरा वेळाने म्हणाले, "कॅशियर, हिशेब जुळला. आज तू आणि मी सारखेच पाहुणे." आणि चाळीस वर्षांपूर्वी बिल पास झाल्यावर हसत, तसे हसले.

परत आल्यावर नवा नकाशा काढायचा होता. साहेब म्हणाले, जुन्याचीच नक्कल लावू. मी म्हटले, नवा अर्ज आहे, नवा काढा. त्यांनी काढला. या खेपेला आंब्याच्या झाडापासून एक बारीक रेघ नदीपलीकडे नेली होती. कचेरीला तिचे काही काम नव्हते, पण मी त्यावर लाल खूण केली नाही.

मी मुंबईला आलो. मे महिन्यात साहेबांचे पत्र आले. नव्वद दिवस संपत आले तेव्हा ते पुन्हा त्याच खिडकीशी गेले, पासबुक स्वच्छ होते आणि त्याच बाईंनी वर्षाचा शिक्का दिला. "पुढल्या मेपर्यंत ती आणि मी शेजारी," त्यांनी लिहिले होते. "तिला बरे आहे, तिला दर वर्षी विचारावे लागत नाही."

त्यानंतर नोव्हेंबरात मी बँकेच्या रांगेत उभा राहिलो, तेव्हा पुढचे गृहस्थ कुरकुरत होते, "दर वर्षी काय हा छळ!" एरवी मीही सामील झालो असतो. त्या दिवशी गप्प राहिलो. माझ्या पाळीला कारकुनाने न पाहताच सही कुठे करायची ते दाखवले. मी सही केली आणि घरी गेल्यावर साहेबांना पत्र टाकले, "आमचे एक वर्ष मंजूर झाले आहे. थंडीत येतो."