मॉरिशस : लढाईनंतरचा कागद

हिंदी महासागरातली आरमारी युद्धं हा माझा अभ्यासविषय. लढायांची वर्णनं विद्यार्थी आवडीनं वाचतात, शरणागतीच्या अटी मात्र नुसत्या चाळतात. मॉरिशसच्या बाबतीत असं केलं, तर त्या बेटाचं पुढचं काहीच उलगडत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते फ्रेंचांचं 'इल द फ्रान्स' होतं. पोर्ट लुईच्या बंदरातून फ्रेंचांची परवानाधारक लुटारू जहाजं निघत आणि ईस्ट इंडिया कंपनीची मालानं लादलेली गलबतं धरून आणत. अशाच एका जहाजाचा कप्तान रोबेर सुर्कूफ यानं १८०० मध्ये बंगालच्या उपसागरात कंपनीचं 'केंट' हे मोठं जहाज असंच काबीज केलं. या बंदराचा बंदोबस्त केल्याशिवाय हिंदुस्थानचा सागरी व्यापार सुखरूप राहणार नाही, हे इंग्रजांना पुरतं कळून चुकलं होतं.

१८०९ मध्ये त्यांनी रॉड्रिग्ज बेट घेतलं, जुलै १८१० मध्ये बुर्बों, म्हणजे आजचं रेयुनियों. ऑगस्टमध्ये इल द फ्रान्सच्याच ग्रां पोर खाडीत मात्र त्यांचा दारुण पराभव झाला. जहाजं प्रवाळांत रुतली आणि चार फ्रिगेटी गेल्या : दोन त्यांनी स्वतःच जाळल्या, दोन फ्रेंचांच्या हाती लागल्या. पॅरिसच्या विजयकमानीवर या विजयाचं नाव कोरलेलं आहे. इंग्रज कप्तान विलोबी आणि फ्रेंच सेनानी द्युपेरे या दोन्ही जखमींवर एकाच घरात उपचार झाले. माएबुर्गच्या त्या घरात आता संग्रहालय आहे.

इंग्रज मोठ्या तयारीनं परतले. २९ नोव्हेंबरला बेटाच्या उत्तरेला फौज उतरली. तिच्यात हिंदी शिपाईही होते. गव्हर्नर दकाँकडची शिबंदी तुटपुंजी होती. ३ डिसेंबर १८१० रोजी त्यानं बेट स्वाधीन केलं.

अटी विलक्षण सौम्य होत्या. फ्रेंच सैनिकांना युद्धकैदी न करता मायदेशी पाठवायचं ठरलं. रहिवाशांचा धर्म, कायदे आणि रीतिरिवाज कायम राहणार होते, खाजगी मालमत्तेलाही हात लागणार नव्हता. तिथल्या दिवाणी कायद्याची फ्रेंच बैठक आणि समाजातलं फ्रेंचचं वजन आजही टिकून आहे, त्याचं मूळ या अटींत आहे. १८१४ च्या पॅरिस तहात बुर्बों फ्रान्सला परत मिळालं. मॉरिशस, रॉड्रिग्ज आणि सेशेल्स ब्रिटनकडे राहिले.

मला यातला मालमत्तेचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्या मालमत्तेत माणसंही होती. बेटावर साठ हजारांहून अधिक गुलाम होते. ब्रिटिश संसदेनं १८०७ मध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली होती, पण इथला मळेवाला गुलामांचा मालक म्हणून ब्रिटिश निशाणाखालीही शाबूत राहिला. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली तेव्हा सुमारे वीस लाख पौंडांची भरपाई मिळाली, तीही मालकांनाच. ज्यांनी आयुष्यभर राबून ऊस पिकवला, त्यांना एक पैसाही मिळाला नाही. सौम्य अटींची स्तुती करणाऱ्या इतिहासकारांनी हा हिशेबही मांडायला हवा.

गुलामगिरी जाणार हे दिसू लागल्यापासूनच मळ्यांना नवे हात हवे होते. १८३४ पासून हिंदुस्थानातून गिरमिटिया मजुरांची जहाजं जाऊ लागली, पुढे मुंबई बंदरातूनही. त्यांत कोकणातली माणसं होती. ती ब्रिटिश वसाहतीत उतरली खरी, पण त्यांना कामावर घेणारे मळेवाले बहुतांशी तेच फ्रेंच होते, ज्यांच्या जमिनी १८१० च्या त्या कागदानं अबाधित ठेवल्या होत्या.