घोळणा फुटतो म्हणून…



आज लेकीला विचारूनच लिहितेय.

आमच्या सासरी घोळणा फुटणं कुणी आजारात धरत नाही. सासूबाईंचा फुटायचा, ह्यांचा फुटतो, लेकीचाही. 'उष्णता आहे' म्हणून डोक्यावर गार पाणी आणि धन्याचं पाणी, एवढाच उपाय. सासूबाईंचं हिमोग्लोबिन कायम कमी. त्याचा दोष आम्ही त्यांच्या उपवासांना दिला.

गेल्या वर्षी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी ह्यांच्या ओठांवरचे आणि बोटांवरचे बारीक लाल ठिपके पाहिले आणि आईबद्दल विचारलं. आजाराचं नाव हेरिडिटरी हेमोरेजिक टेलँजिएक्टेशिया, म्हणजे एचएचटी. यात धमनी आणि शीर यांच्यामधलं केसासारखं बारीक जाळं काही ठिकाणी तयारच होत नाही, दोन्ही थेट जोडल्या जातात. नाकात असं झालं तर रक्त येतं. फुफ्फुसात झालं तर रक्ताची गुठळी किंवा जंतू न गाळता मेंदूपर्यंत जाऊ शकतात. आई-वडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता ५० टक्के.

ह्यांच्या फुफ्फुसात अशी एक जोडणी सापडली. जांघेतल्या शिरेतून नळी घालून ती बंद केली.

मग प्रश्न लेकीचा. तिचं लग्न ठरलेलं. सासूबाई म्हणाल्या, "आत्ता कशाला तपासण्या? लग्न झाल्यावर बघू. चार घरी बोभाटा होईल." मलाही क्षणभर तेच बरं वाटलं. पण फुफ्फुसातली अशी जोडणी गरोदरपणात फुटू शकते, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. लग्नानंतर बघू म्हणजे नेमकं कधी?

मी म्हटलं, सरळ सीटी स्कॅनच करून टाका. डॉक्टर म्हणाले, आधी बबल एको. सलाईनच्या पाण्यात हवेचे बारीक बुडबुडे घुसळून हाताच्या शिरेतून सोडतात. फुफ्फुस ते गाळून टाकतं. हृदयाचे काही ठोके पडल्यावर ते डाव्या बाजूला दिसले, तर फुफ्फुसात आडवाट आहे असं समजायचं. यात किरणोत्सर्ग नाही. बुडबुडे दिसले तरच सीटी.

लेकीचे थोडे बुडबुडे दिसले. मी बाहेर बसून णमोकार म्हणत होते. सीटीत मात्र बंद करण्याएवढं मोठं काही निघालं नाही. मेंदूचा एमआरआयही स्वच्छ. आता काही वर्षांनी पुन्हा तपासणी, आणि दाताचं काम करण्याआधी अँटिबायोटिक.

मुलाच्या आईंना फोन मीच केला. त्या जरा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "रिपोर्ट पाठवा, आमच्या डॉक्टरांना दाखवते." मी पाठवले. पुढे जे होईल ते होईल. सत्य अणुव्रत मंदिरात म्हणायचं आणि सोयरिकीत बाजूला ठेवायचं, हे मला जमलं नसतं.

सासूबाई म्हणतात, असातावेदनीय कर्माचा उदय. मी नाही म्हणत नाही. पण उदय आपल्या हातात नसला तरी पुरुषार्थ आहे ना! परवा त्यांनीच विचारलं, "माझीपण ती बुडबुड्यांची तपासणी करायची का गं?" चतुर्दशीचा उपवास सुटला की नेणार आहे.

तुमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या घोळणा फुटत असेल, तर ओठ आणि बोटं एकदा उजेडात नीट बघा.