आपला पहिला निवास

मनुष्याची जिज्ञासा मोठी विलक्षण आहे. तो ताऱ्यांचीं अंतरें मोजतो, समुद्राचा तळ धुंडाळतो. परंतु ज्या घरांत त्यानें आपले पहिले नऊ महिने घालविले, त्याविषयीं त्यास फारच थोडें ठाऊक असतें. तें घर म्हणजे मातेचें उदर. आमच्या लहानपणीं हा प्रश्न विचारला असतां "बाळ दवाखान्यांतून आणलें" एवढेंच उत्तर मिळे. आजहि वर्गांत प्रजननाचें प्रकरण उघडतांच कांहीं विद्यार्थी हंसतात, कांहीं माना खालीं घालतात. परंतु ज्यांत परमेश्वराची कृति आहे, त्यांत लाजण्यासारखें काय आहे? १३९ व्या स्तोत्राचा कर्ता तर मातेच्या उदरांतील आपल्या घडणीचें स्मरण करून देवाची स्तुति करितो.

स्त्रीच्या शरीरांतील अंडाशयांतून दर महिन्यास सामान्यतः एक स्त्रीबीज बाहेर पडतें. त्याचा व्यास सुमारें एक दशांश मिलिमीटर. सस्तन प्राण्याचें असें बीज कार्ल अर्न्स्ट फोन बेअर या शास्त्रज्ञानें १८२७ सालीं कुत्रीच्या शरीरांत प्रथम ओळखिलें. तोंपर्यंत विद्वानांचेहि केवळ तर्कच चालले होते. पतिपत्नींच्या शरीरसंबंधांतून कोट्यवधि शुक्रजंतु स्त्रीच्या शरीरांत येतात. त्यांपैकीं एकच बीजवाहिनींत स्त्रीबीजाशीं एकरूप होतो, आणि जी एक पेशी बनते तिच्यापासून राजाचा व रंकाचा सारखाच आरंभ होतो.

एकीच्या दोन, दोहोंच्या चार असें वाढत सुमारें आठवड्याभरानें हा पेशींचा पुंजका गर्भाशयाच्या अस्तरांत रुजतो. चवथा आठवडा लागतो न लागतो तोंच हृदय स्पंदन पावूं लागतें. त्या वेळीं गर्भ तांदळाच्या दाण्याहूनहि लहान असतो, आणि मातेस गरोदरपणाची नुकतीच शंका येत असते. अठ्ठाविसाव्या दिवसाच्या सुमारास मेंदू व मज्जारज्जु यांचा पाया असलेली नळी मिटून पुरी होते. ती नीट न मिटल्यास बाळास जन्मजात व्यंग राहतें. मातेनें गर्भधारणेच्या आधींपासून फॉलिक ॲसिड नांवाचें जीवनसत्त्व घेतल्यास हा धोका पुष्कळ कमी होतो, हें ब्रिटिश वैद्यक संशोधन मंडळाच्या १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या चाचणीनें दाखवून दिलें.

आठ आठवडे भरतात तों सुमारें तीन सेंटिमीटर लांबीच्या त्या देहांत सर्व मुख्य अवयवांचा पाया घातला गेलेला असतो, व हातापायांचीं बोटेंहि सुटीं झालेलीं असतात. निम्मे दिवस सरतात तेव्हां मातेस बाळाची हालचाल जाणवते. पुढें बाळास तिचा आवाजहि ऐकूं येऊं लागतो. फुप्फुसें मात्र अगदीं शेवटीं पक्व होतात, म्हणून अपुऱ्या दिवसांच्या बालकास श्वासाची अडचण पडते. हा मुक्काम एकंदर सुमारें ३८ आठवड्यांचा. डॉक्टर शेवटच्या मासिक पाळीपासून मोजतात, म्हणून ते ४० म्हणतात.

या काळांत बाळाचें पोषण वारेच्या द्वारें होतें. मातेचें व बाळाचें रक्त तेथें एकमेकांत मिसळत नाहीं. मध्यें पातळ पडदा असतो. त्यांतून प्राणवायु व अन्नरस बाळाकडे जातात, आणि टाकाऊ द्रव्यें मातेकडे परत येतात. परंतु हा पडदा म्हणजे अभेद्य तट नव्हे. दारू व तंबाखूचें विष त्यांतून पार होतें. गरोदरपणाच्या आरंभीं ज्या मातांस रुबेला झाला, त्यांच्या बालकांस जन्मतःच मोतीबिंदु असल्याचें नॉर्मन ग्रेग या नेत्रवैद्यानें ऑस्ट्रेलियांत १९४१ सालीं निदर्शनास आणिलें. तात्पर्य, मातेचें रक्षण तेंच बाळाचें रक्षण.

आतां ज्या गोष्टीसाठीं आम्हीं मुख्यतः लेखणी हातीं घेतली ती सांगतों. मुलगा झाला तर पेढे, मुलगी झाली तर बर्फी, आणि तिसरीहि मुलगीच झाली तर कांहींच नाहीं, असा पुष्कळ घरांचा शिरस्ता आहे. आमच्या मंडळींतील एका भगिनीस तिसरी कन्या झाली, तेव्हां तिची सासू नातीचें तोंड पाहण्यासहि गेली नाहीं. आम्हीं त्या भगिनीच्या पतीस जवळ बसवून कागदावर आकृति काढून दाखविली. मनुष्याच्या पेशींत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. त्यांपैकीं एक जोडी स्त्रीमध्यें सामान्यतः एक्स-एक्स व पुरुषामध्यें एक्स-वाय अशी असते. माता देते तें एक्सच. पित्याकडून एक्स आलें तर मुलगी, वाय आलें तर मुलगा. १९०५ सालीं नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन विदुषीनें भुंगेऱ्याच्या पेशी तपासून या रहस्यावर प्रकाश पाडिला. मग मातेस दोष कशाचा? आणि पित्यासहि तरी कशाचा? कोणता शुक्रजंतु पुढें जाईल, हें कांहीं त्याच्या इच्छेवर नसतें.

तो गृहस्थ बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "सर, हें आमच्या आईलाहि समजावून सांगा." आम्ही गेलों. म्हाताऱ्या बाईंनीं सर्व शांतपणें ऐकून घेतलें. एक्स आणि वाय त्यांस कितपत उमगले कोण जाणे. परंतु नातीच्या बाप्तिस्म्यास त्या आल्या, आणि तिला मांडीवर घेऊन बसल्या.

अशाच अज्ञानानें व मुलाच्या लोभानें गर्भाचें लिंग तपासून कन्यांचा घात होऊं लागला, म्हणून महाराष्ट्रानें १९८८ सालीं व पुढें भारत सरकारनें १९९४ सालीं कायदा केला. कायदा हात धरूं शकतो. मन पालटण्याचें काम घराचें व शाळेचें आहे.

पालकांस आमची विनंति इतकीच कीं, मुलांनीं विचारलें तर त्यांच्या वयास झेपेल तेवढें, पण खरें तें सांगावें. आणि विद्यार्थी मित्रहो, घरांत कोणी गरोदर असेल तर तिच्या हातची पाण्याची बादली आपण होऊन घ्या, तिच्या पानांत आधीं वाढा, आणि बाळ जन्मास येईल तेव्हां मुलगा कीं मुलगी हें विचारण्यापूर्वी तिची प्रकृति कशी आहे तें विचारा.