किहीमपासून खंडाळ्यापर्यंत

मांडव्याहून अलिबागकडे निघालं की चोंढीपाशी उजवीकडे किहीमचा फाटा येतो. शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्या समुद्रासाठी तिथं वळतात. मी वळलो तो एका आडनावासाठी. बेने इस्रायल या ज्यू समाजाचा इतिहास लिहिणारे हाइम सॅम्युएल केहिमकर, त्यांचं आडनाव या गावावरून पडलं. पेणकर, रोहेकर, दिवेकर, नवगावकर, अष्टमकर... या ज्यूंची आडनावं वाचत गेलं की सगळा जुना कुलाबा जिल्हा डोळ्यांपुढे येतो.

पुढे नवगाव. परंपरा अशी की, फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांचं जहाज इथं फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना याच किनाऱ्याजवळ पुरलं. काळाविषयी अभ्यासकांचं एकमत नाही. त्या पूर्वजांसाठी आता इथं स्मृतिस्तंभ आहे आणि आसपास जुन्या कबरी. दुपारच्या उन्हात मी बराच वेळ तिथं रेंगाळलो. गाव सोडून शहरात आलेल्या माझ्यासारख्या माणसाला एक प्रश्न सारखा छळतो: बोली गेली, जेवण बदललं, सण आटोपशीर झाले, आता मी त्या गावचा कितपत उरलोय? या चौदाजणांच्या वंशजांना तो किती पिढ्या पुरला असेल!

त्यांचं हिब्रू गेलं. मराठी घरची भाषा झाली, बायकांच्या अंगावर लुगडं आणि गळ्यात मंगळसूत्र आलं. धंदा तेलाच्या घाण्याचा. पण शनिवारी घाणा बंद, म्हणून गावानं त्यांना शनवार तेली म्हटलं. आठव्या दिवशी मुलाची सुंता, खवले नसलेला मासा वर्ज्य, आणि सगळ्या प्रार्थना विसरल्या तरी ‘शमा’ तोंडपाठ. मांसाबरोबर दूध चालत नाही, तर रस्सा नारळाच्या दुधात शिजू लागला. कोकणानं त्यांना सोय दिली आणि त्यांनी नेम राखला. मला यात तडजोड दिसत नाही. काय सोडायचं आणि काय नाही, याचा हा पक्का विवेक आहे.

अलिबागच्या इस्रायल आळीत मागेन आबोथ सिनेगॉग आहे, 1848 सालचं. आत शिरताना डोकं झाकायचं. तोवर बाहेरच्या धर्मशिक्षकांकडून हा समाज पुन्हा हिब्रू शिकला होता. म्हणून मराठी सोडली, असं मात्र झालं नाही. 1874 साली पुण्यात छापलेल्या हग्गादाच्या, म्हणजे वल्हांडण सणाच्या पोथीत हिब्रूसोबत मराठी आहे, आणि चित्रांत साड्या नेसलेल्या बायका सणाची बिनखमिराची रोटी करताहेत. अब्राहम आणि योसेफाच्या कथांवर त्यांनी मराठीत कीर्तनं रचली, साक्या-दिंड्यांसकट.

1948 नंतर बहुतेकजण इस्रायलला गेले. तिथं साठीच्या दशकाच्या सुरुवातीला विवाहनोंदणीच्या वेळी त्यांच्याकडे कुळाचे पुरावे मागितले गेले. ज्यांनी शास्त्र्यांशिवाय आणि ग्रंथांशिवाय शतकानुशतकं शनिवार पाळला, त्यांना विचारणा झाली की तुम्ही खरे ज्यू कशावरून! हे वाचताना आजही माझं रक्त तापतं. बेने इस्रायल गप्प बसले नाहीत. धरणं धरलं, मोर्चे काढले. 1964 साली त्यांना सर्वार्थानं ज्यू मानल्याचं जाहीर झालं.

परतताना पेण रस्त्यावर खंडाळ्याला उतरलो. एलियाहू हनबी हा प्रेषित इथून स्वर्गात गेला, ही त्यांची श्रद्धा. खडकावर रथाच्या आणि घोड्याच्या खुणा दाखवतात. नवस फेडायला इस्रायलहूनही माणसं येतात. त्या दिवशी एक आजी नातवंडांना घेऊन आल्या होत्या. पोरं आपसात हिब्रूत भांडत होती, आजी त्यांना रायगडी मराठीत दटावत होत्या. ओल्या खोबऱ्यात कालवलेल्या गोड पोह्यांचा मलिदा आणि फळं त्यांनी माझ्याही हातावर ठेवली.

“तिकडेही असाच करता?” मी विचारलं.

“करते की. खजूर तिथलाच घालते, चांगला मिळतो. पोहे मात्र इथून नेते. आता पेणेला जाऊन घेणार आहे. तुम्हीही तिकडंच निघालात ना? चला मग, रिक्षात जागा आहे.”