सगळ्यांना दिसेल असं

टीव्ही घराचा असतो, फोन ज्याचा त्याचा. फोनवरचं काही बघायला दोघं जमले की डोक्याला डोकं लागतं, तिसऱ्याला कडेने अर्धंच दिसतं, आणि चौथा "मला नंतर पाठव" म्हणत उठून जातो. म्हणून हातातल्या फोनवरचं चित्र भिंतीवरच्या टीव्हीवर लावता येतं ही सोय मला फार मोलाची वाटते. आमच्या घरात तिची ओढ फोनच्या कितीतरी आधीची आहे. टीव्हीला काहीतरी जोडायचं आणि सगळ्यांनी मिळून बघायचं, हा उद्योग मी लहानपणापासून पाहत आले. जोडायच्या वस्तू तेवढ्या बदलत गेल्या.

आमचं घर बजबजचं. सियालदहहून निघालेली लोकल जिथे संपते ते हे गाव. एका अंगाला हुगळी, काठाने चटकलींच्या, म्हणजे तागाच्या गिरण्यांच्या, चिमण्या आणि तेलाच्या टाक्या. बाबा सांगलीहून इथल्या एका तेल डेपोत नोकरीला आले आणि आम्ही इथलेच झालो. आसपास दुसरं मराठी घर नव्हतं. मराठी कानावर पडायला गणपतीत कोलकात्याला, हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात जायचं. एरवी आई पाड्यातल्या बायकांशी बंगालीत बोलायची आणि स्वयंपाकघरात स्वतःशी मराठीत.

कोलकात्याचं दूरदर्शन 9 ऑगस्ट 1975 ला सुरू झालं. आमच्याकडे टीव्ही त्यानंतर काही वर्षांनी आला, सरकत्या लाकडी दारांच्या पेटीतला, कृष्णधवल. त्याच्याबरोबर गच्चीवर अँटेना आली. तिचं तोंड पूर्वेला, टॉलीगंजकडे. त्याच दिशेला आणखी खूप पुढे बांगलादेश होता, आणि ज्यांनी उंच बांबू आणि बूस्टर लावला होता त्यांच्याकडे हवा बरी असेल त्या रात्री ढाक्याची नाटकं दिसत. सीमेपलीकडचं चित्र बघायला पाड्यातल्या म्हाताऱ्या बायका आवर्जून जायच्या. त्यातल्या कितीतरी जणींचं माहेर तिकडचं होतं.

अँटेनापासून टीव्हीपर्यंत येणारी वायर मला अजून बोटांना आठवते. चपटी, पट्टीसारखी, दोन्ही कडांना तांब्याचे तंतू आणि मधे पारदर्शक प्लॅस्टिक. टोकं सोलायची, तंतू पिळायचे, टीव्हीच्या पाठीवरच्या दोन स्क्रूंखाली दाबायचे. नदीकाठची दमट हवा तांब्याला टिकू देत नसे. पावसाळा सरला की टोकं हिरवी पडायची, पडद्यावर मुंग्या यायच्या, आणि बाबा ब्लेड घेऊन टीव्हीमागे शिरायचे. पुढे गोल जाड केबल आली. पण ती 75 ओहमची आणि आमच्या टीव्हीची जोडणी 300 ओहमची, त्यामुळे मधे मॅचिंग ट्रान्सफॉर्मर नावाची काड्यापेटीएवढी डबी बसवावी लागे. ती नसेल तर सिग्नलचा काही भाग परत फिरायचा आणि प्रत्येक माणसामागे त्याची फिकट सावली दिसायची. वस्तू एकमेकींना नुसत्या जोडून चालत नाही, त्यांचं जमावंही लागतं, हे मला त्या डबीनेच दाखवलं.

22 जून 1986 च्या रात्री फुटबॉलच्या विश्वचषकात मेक्सिको सिटीत अर्जेंटिना आणि इंग्लंड खेळणार होते. तिथे भर दुपारचे बारा, आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा. बंगालमध्ये फुटबॉल आधीही होताच, मोहनबागान आणि ईस्ट बेंगॉलवरून घराघरांत भांडणं होती, पण दूरदेशीचा एक संघ आपला मानून जागरण करायचं ते त्या महिन्यापासून. सामन्याच्या आधीच दिवे गेले. लोडशेडिंगची सवय सगळ्यांनाच होती. जवळच्या पुजालीचं वीजकेंद्र व्हायला अजून अकरा वर्षं होती. शेजारच्या चटकलीतल्या काकांकडे बारा व्होल्टवर चालणारा छोटा टीव्ही होता, पण अँटेना धड नव्हती. आमची अँटेना उत्तम, पण टीव्ही विजेवरचा. काकांनी टीव्ही उचलून आमच्या गच्चीवर आणला, कुणीतरी लॉरीची बॅटरी आणली, बाबांनी खाली गेलेली वायर वर ओढून घेतली आणि टॉर्चच्या उजेडात तिची टोकं त्या टीव्हीला जोडली. पाण्याच्या टाकीवर ठेवलेल्या वीतभर पडद्याभोवती सगळा पाडा बसला. मॅराडोनाने चार मिनिटांत दोन गोल केले. पहिल्यात हात लागला होता हे त्या पडद्यावर कुणाला दिसणं शक्यच नव्हतं. दुसऱ्यात तो अर्ध्या मैदानापासून एकेकाला मागे टाकत निघाला, तेव्हा आईने माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी वळ होता. गोल झाला आणि आमच्या गच्चीवरची आरोळी पलीकडच्या गच्चीवरच्या आरोळीत मिसळली. रेल्वेलाइनच्या पल्याडची, बाजाराकडची, सगळ्या एकाच क्षणी उठल्या. हवेतून येणारं चित्र सगळ्यांकडे एकाच वेळी पोचत होतं. तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही.

आईला मात्र टीव्हीकडून दुसरंच काही हवं होतं. कोलकात्याचे कार्यक्रम बंगाली, दिल्लीचे हिंदी. मराठी आमच्याकडे आलं ते गीतांजली एक्सप्रेसने. ही गाडी 1977 च्या डिसेंबरात मधू दंडवते रेल्वेमंत्री असताना सुरू झाली, वर्गभेद नसलेली, मुंबई ते हावडा. आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा तिनेच यायचा आणि पिशवीत मेतकूट, कुळथाचं पीठ आणि व्हिडिओ कॅसेट घेऊन यायचा. मग चडियालच्या बाजारातून एका रात्रीसाठी भाड्याने व्हीसीआर आणायचा. अँटेनाची केबल काढून त्या जागी त्याची लावायची आणि एक रिकामा चॅनल फिरवत बसायचं, कारण व्हीसीआर टीव्हीपुढे छोट्या प्रक्षेपण केंद्राचं सोंग घेऊन बोलत असे. 'अशी ही बनवाबनवी' आम्ही असाच पाहिला. खोली शेजाऱ्यांनी भरलेली, मी जमेल तसं भाषांतर करत होते, पण लक्ष्मीकांत बेर्डे हसवायला लागला की त्याची गरज पडत नव्हती. एवढ्या लोकांना आपल्या भाषेवर हसताना पाहून आईचा चेहरा जसा फुलला होता तसा मी सणावारीही पाहिला नाही.

नंतरचं भराभर झालं. पिवळी, लाल, पांढरी अशा तीन तोंडांची वायर आली, डीव्हीडी आली. मग चित्र आणि आवाज एकाच चपट्या तोंडातून नेणारी एचडीएमआय आली. बाबा गेले, टीव्ही सपाट होऊन भिंतीला लागला. सगळ्यांच्या हातात फोन आले आणि संध्याकाळी घरात चार माणसं चार दिशांना माना घालून बसू लागली. ते मला बोचायचं, अजून बोचतं.

फोन टीव्हीला जोडायची युक्ती आमच्याकडे माझ्या भाच्याने आणली. टीव्हीमागच्या एचडीएमआयच्या खाचेत बसणारं छोटं यंत्र होतं ते. त्यावर आम्ही पहिल्यांदा मन लावून काय पाहिलं असेल, तर कॅनडाची संसद. 18 मे 2016 ला तिथले तेव्हाचे पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी कोमागाटा मारू जहाजाच्या प्रकरणात संसदेत माफी मागितली. इतरांना ती जगाच्या पाठीवरची एक बातमी असेल. आमच्या स्टेशनच्या पाटीवर त्या जहाजाचं नाव आहे. 1914 साली 376 प्रवासी घेऊन ते व्हँकुव्हरला पोचलं, दोन महिने बंदरात अडकलं, परत पाठवलं गेलं, आणि 29 सप्टेंबरला बजबजच्या घाटावर लागलं. प्रवाशांना जबरदस्तीने पंजाबच्या खास गाडीत बसवायचा घाट इथल्या इंग्रज सरकारने घातला होता. त्यांनी नकार दिला, गोळीबार झाला, माणसं मेली. 1952 साली उद्घाटन झालेलं स्मारक कृपाणाच्या आकाराचं आहे, गावात त्याला पंजाबी मॉन्युमेंट म्हणतात. ओटावातलं ते भाषण आपल्या मध्यरात्रीनंतर झालं, तेव्हा आम्ही दुसऱ्या दिवशी पाहिलं. चटकलीतले काका आता ऐंशीच्या घरात होते, त्यांना मुद्दाम बोलावलं. फोनवर बघा म्हटलं असतं तर त्यांना एका माणसाचं हलतं डोकं तेवढं दिसलं असतं. टीव्हीवर सभागृहातले बाक, उभी राहून टाळ्या वाजवणारी माणसं आणि त्यांच्यातल्या पगड्या दिसल्या. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, त्यांचे वडील त्या दिवशी मिलमध्ये होते, गोळ्यांचा आवाज त्यांनी ऐकला होता. इतक्या वर्षांत हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

फोन आणि टीव्ही जोडायचे दोन प्रकार आहेत आणि त्यांतला फरक कळला की निम्मा वैताग संपतो. एकात फोन टीव्हीला नुसता पत्ता सांगतो, की अमुक व्हिडिओ अमुक ठिकाणी आहे. पुढे टीव्ही किंवा त्याला खोचलेलं यंत्र तो इंटरनेटवरून थेट आणतं. फोन मग रिमोटसारखा, खिशात घातला तरी चालतो. याला कास्ट करणं म्हणतात. त्यासाठी दोघं एकाच वायफायवर लागतात. फोन घरच्या वायफायवर आणि टीव्ही पाहुण्यांसाठी वेगळ्या ठेवलेल्या वायफायवर असेल तर त्यांची भेट होत नाही. दुसरा प्रकार आरशाचा. फोनवर जे दिसतं ते फोन सतत टिपतो, दाबून लहान करतो आणि टीव्हीकडे फेकतो. मिराकास्ट नावाची 2012 सालची पद्धत हेच करते, तिला राउटरही लागत नाही, फोन आणि टीव्ही आपापसात जोडले जातात. यात फोनला भरपूर काम पडतं, तो तापतो, बॅटरी झरझर उतरते, आणि चित्र जरासं मागे राहतं. शिवाय जे फोनवर येईल ते सगळं टीव्हीवर येतं, बँकेचा मेसेजसुद्धा. त्यामुळे आधी 'डू नॉट डिस्टर्ब' लावावं. काही पैसे भरून बघायचे सिनेमे आरशातून दाखवले तर आवाज येतो आणि पडदा काळा राहतो. तो बिघाड नसतो. नक्कल होऊ नये म्हणून चित्राला कुलूप घातलेलं असतं, अशा वेळी कास्टचा रस्ता धरावा.

2020 च्या टाळेबंदीनंतर सांगलीत भाचीचं लग्न झालं, पन्नास माणसांत. आईला जाणं शक्यच नव्हतं. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांना फोनवरचं दिसेना, म्हणून व्हिडिओ कॉल आरशासारखा टीव्हीवर घेतला. चित्र टीव्हीवर आलं, आवाज फोनमध्येच राहिला. कॉलचा आवाज बहुतेक फोन बाहेर सोडत नाहीत. मी फोन आईच्या कानाशी धरला, तर तिकडे सांगलीकरांना नुसता तिचा कान दिसू लागला. ती बघत होती टीव्हीकडे, आणि तिकडून सगळे ओरडत होते, "आजी, इकडे बघा, इकडे!" शेवटी फोन बरोबर टीव्हीच्या खाली, डब्याला टेकवून उभा केला आणि स्पीकर पूर्ण मोठा केला. आता तिने टीव्हीकडे पाहिलं की त्यांना वाटायचं आपल्याकडेच पाहते आहे. तिकडे फोन उभा धरला होता तेव्हा नवरानवरी दोन काळ्या पट्ट्यांच्या मधे उभी होती. "आडवा धर रे," म्हणून सांगितल्यावर सगळा मांडव पडदाभर उघडला. मंगलाष्टकं सुरू झाली आणि आईने मुठीत आधीपासून धरलेल्या अक्षता टीव्हीवर टाकल्या. त्या झाडताना पुढे कितीतरी दिवस टीव्हीच्या कडेतून हळद लागलेला एखादा दाणा निघायचा.

आणि मग 18 डिसेंबर 2022. विश्वचषकाचा अंतिम सामना, अर्जेंटिना, फ्रान्स, रात्रीचे साडेआठ. आमच्याकडची केबल केव्हाच काढलेली, तेव्हा सामना फोनवरून टीव्हीवर. खोली भरली होती, काकांचे नातू खाली सतरंजीवर, आई मधल्या खुर्चीत. मेस्सी पेनल्टी घ्यायला उभा राहिला, अजून धावलाही नव्हता, तेवढ्यात पलीकडच्या घरातून आरोळी आली. त्यांच्याकडे केबल होती. इंटरनेटवरचं थेट प्रक्षेपण काही सेकंदांच्या तुकड्यांत चिरून येतं, तुकडे साठवून मग दाखवले जातात, त्यामुळे ते नेहमी मागे. थोड्या वेळाने आमचा गोल झाला, आणखी थोड्या वेळाने वरच्या मजल्यावरचा. सगळा पाडा एकाच सामन्याला निरनिराळ्या क्षणी ओरडत होता. मला गच्चीवरची ती रात्र आठवली आणि खरंच वाईट वाटलं. खोलीतली माणसं आपण परत एका पडद्यापुढे आणली, पण गल्ली सुटी सुटी झाली होती. एम्बापेने दोन मिनिटांच्या आत दोन गोल केले तेव्हा पहिला आमच्या पडद्यावर दिसून मिनिट होतं न होतं तोच दुसऱ्याचा हाय हाय खिडकीतून आत आला. मुलांनी खिडक्या लावल्या, पंखासुद्धा लावला, डिसेंबरात.

सामना 3-3 असा पेनल्टीवर गेला. आईने पदराचं टोक हातात पिळून धरलं होतं. शेवटची पेनल्टी घ्यायला मोंतिएल चालत निघाला आणि बाहेर फटाके सुरू झाले. फटाक्यांचं नुंगी आमच्या शेजारीच, तेव्हा साठा घरोघरी असतो. खिडक्यांचा काही उपयोग झाला नाही. आमच्या टीव्हीवर तो अजून चेंडूपर्यंत पोचला नव्हता आणि खोलीतल्या प्रत्येकाला कळलं होतं. मुलं उठून नाचायला लागली. आईने त्यांना हाताने खाली बसवलं, पदर सोडला, खुर्चीत मागे रेलली आणि पडद्याकडे बघत म्हणाली, "सावकाश मार रे बाळा, आता काही घाई नाही."