चौकोनी गेमचे गुळगुळीत मुखपृष्ठ

१/
रेट्रो पिक्सेल शैलीतल्या एखाद्या इंडी गेमचे मुखपृष्ठ चांगले की वाईट, हे कशावरून ठरवावे? 'सुंदर दिसते' हे उत्तर पुरेसे नाही. मुखपृष्ठ हे विकणाऱ्याने दिलेले वचन असते आणि काही वर्षांनी तेच इतिहासाचे साधन होते. साधन म्हटले की चिकित्सा आली. ते कोणी केले, कोणासाठी केले, त्यात काय दाखवले आणि काय झाकले? हा धागा त्या चिकित्सेचा.

२/
आरंभ १९७७ मध्ये. अटारी कंपनीचे व्हीसीएस हे घरगुती गेमयंत्र त्या वर्षी अमेरिकेच्या बाजारात आले. पुढे ते '२६००' या नावाने ओळखले गेले. त्याची कार्यस्मृती अवघी १२८ बाइट आणि पडद्यावरच्या चित्राची रुंदी १६० पिक्सेल. सोबत मिळणाऱ्या 'कॉम्बॅट' या गेममधला रणगाडा म्हणजे नळी फुटलेला एक ठोकळा. खोक्यावर मात्र क्लिफ स्पॉन या चित्रकाराने रंगवलेले रणगाडे आणि विमाने एकमेकांवर धावून जाताना दिसत.

३/
ही फसवणूक होती का? घाईने निकाल देऊ नये. बखरीत सैन्याचे आकडे फुगलेले असतात, म्हणून बखर टाकाऊ ठरत नाही. लिहिणाऱ्याला काय भव्य वाटत होते, हे ती सांगते. अटारीचे खोकेही तसेच वाचावे लागतात. यंत्राला जे दाखवता येत नव्हते ते खोक्यावरचे चित्र दाखवी आणि खेळणारा ती प्रतिमा मनात धरून ठोकळ्याकडे पाही. चित्र खोक्यावर होते, पण काम खेळाच्या आतले करीत होते.

४/
मुखपृष्ठ काय झाकते, याचेही उदाहरण अटारीकडेच आहे. १९८० च्या 'ॲडव्हेंचर'मध्ये नायक म्हणजे एक साधा चौकोन आणि ड्रॅगन बदकासारखे. खोक्यावर रुबाबदार ड्रॅगन होता, पण ज्याने हा गेम एकट्याने घडवला त्या वॉरेन रॉबिनेटचे नाव कोठेही नव्हते. कंपनी प्रोग्रॅमरांची नावे छापत नसे. म्हणून रॉबिनेटने गेममध्येच एक गुप्त खोली केली आणि आपले नाव तिथे लपवून ठेवले.

५/
अटारीतून बाहेर पडलेल्या काही प्रोग्रॅमरांनी १९७९ मध्ये ॲक्टिव्हिजन ही कंपनी उभी करण्यात भाग घेतला. श्रेय न मिळणे हे त्यांच्या नाराजीचे एक कारण होते. त्यांच्या खोक्यांवर गेम रचणाऱ्याचे नाव छापले जाऊ लागले. मुखपृष्ठ पाहताना 'यावर नाव कोणाचे?' हा प्रश्न तेव्हापासून टाळता येत नाही.

६/
मग विश्वास ढासळला. १९८२ च्या नाताळासाठी 'ई. टी.' हा गेम हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांना सुमारे ५ आठवड्यांत पूर्ण करावा लागला. खोक्यावर लोकप्रिय चित्रपटाची पुण्याई होती. आत मात्र पुन्हा पुन्हा खड्ड्यात पडणे होते. १९८३ मध्ये न विकलेली कार्ट्रिजे न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथे पुरण्यात आली. २०१४ मध्ये तिथे उत्खनन झाले आणि ती खरोखर सापडली. बाजार कोसळण्याची कारणे अनेक होती. अतिउत्पादन हे त्यांतले मोठे. पण खोक्यावर विसंबून पैसे टाकणारा ग्राहक आता सावध झाला होता.

७/
या सावध ग्राहकासमोर १९८५ मध्ये निन्टेन्डोने अमेरिकेत आपले एनईएस यंत्र मांडले. सुरुवातीच्या गेमचे खोके काळ्या रंगाचे होते आणि त्यांवर तैलचित्रे नव्हती. गेममधल्याच आकृती मोठ्या करून, त्यांच्या चौकोनांसकट छापल्या होत्या. आत जे आहे तेच बाहेर, असा हा पवित्रा. 'सुपर मारिओ ब्रदर्स'च्या खोक्यावरचा मारिओ हा पडद्यावरचाच मारिओ होता.

८/
येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. त्या काळच्या काचनळीच्या दूरचित्रवाणी संचावर पिक्सेलच्या कडा थोड्या विरघळलेल्या दिसत. धारदार कडांचा चौकोन पडद्यापेक्षा त्या काळ्या खोक्यावरच अधिक ठळक होता. आज ज्याला आपण 'जुन्या गेमचे रूप' म्हणतो, त्यातले काही रूप जुन्या पडद्याचे नसून जुन्या छपाईचे आहे.

९/
दोन वर्षांनी, १९८७ मध्ये, कॅपकॉमचा 'रॉकमॅन' जपानात आला. अमेरिकेत तो 'मेगा मॅन' झाला आणि त्याचे अमेरिकी मुखपृष्ठ कुप्रसिद्ध ठरले. गेममध्ये निळा, लहानखुरा यंत्रबालक; त्याचा हातच तोफ. मुखपृष्ठावर पिवळ्या-निळ्या पोशाखातला, अवघडून उभा असलेला प्रौढ पुरुष आणि त्याच्या हातात पिस्तूल. अटारीच्या चित्रांनी गेम फुगवून सांगितला होता. या चित्राने भलताच गेम सांगितला.

१०/
काळाने त्या चुकीला मात्र वेगळाच न्याय दिला. २००८ मध्ये कॅपकॉमने 'मेगा मॅन ९' मुद्दाम जुन्या आठ-बिट रूपात काढला. तो डाउनलोड करूनच घ्यायचा होता, म्हणजे खोक्याची गरजच नव्हती. तरी १९८७ च्या विद्रूप मुखपृष्ठाची थट्टा करणारे एक चित्र खास तयार करण्यात आले. २०१२ च्या 'स्ट्रीट फायटर एक्स टेकन'मध्ये तर तो विद्रूप मेगा मॅन खेळता येणारे पात्र होऊन आला. रेट्रो मुखपृष्ठ भूतकाळ दाखवत नाही. भूतकाळाची आठवण दाखवते.

११/
आता मूल्यमापनासाठी एक नमुना: 'शॉव्हेल नाइट'. यॉट क्लब गेम्स या छोट्या चमूने २०१३ मध्ये किकस्टार्टरवर ७५ हजार डॉलर मागितले आणि त्यांना ३ लाख ११ हजारांहून अधिक मिळाले. गेम जून २०१४ मध्ये आला. रूप एनईएसचे, परंतु पडदा रुंद, रंग मूळ यंत्राला जमत होते त्याहून थोडे अधिक. एनईएसवर एका आडव्या ओळीत आठांपेक्षा अधिक हलत्या आकृती आल्या की त्या लुकलुकत. येथे लुकलुक नाही. म्हणजे हा १९८७ चा गेम नव्हे. १९८७ कसे होते असे वाटते, त्याचा गेम.

१२/
आणि मुखपृष्ठ? त्यावर एकही चौकोन ठळक नाही. निळ्या चिलखतातला, शिंगांच्या शिरस्त्राणाचा शूरवीर सफाईदार रेषांत रंगवलेला आहे. काळ्या खोक्याच्या मापाने पाहिले तर हे अप्रामाणिक ठरेल. पण नजर हातातल्या फावड्याकडे वळवावी. खणणे, मारणे, फावड्यावर उभे राहून शत्रूच्या डोक्यावर उसळी घेणे: सगळा खेळ त्या फावड्याचा आहे. पोत बदलला, कृती बदलली नाही. मेगा मॅनच्या पिस्तुलाचे नेमके उलट होते. वचन मोडते ते कृतीत, पोतात नव्हे.

१३/
गुळगुळीत चित्र निवडण्यामागे एक रोकडे कारणही असते. स्टीमवरच्या लहान कॅप्सूलचे माप अनेक वर्षे २३१×८७ पिक्सेल होते. यादीत तीच प्रतिमा १२०×४५ पर्यंत आक्रसते. तीन पिक्सेलांचा एक चौकोन धरून काढलेले चित्र तिथे पोहोचले की प्रत्येक चौकोनाच्या वाट्याला सुमारे दीड पिक्सेल येतो. अर्धा पिक्सेल दाखवता येत नाही. कडा फासटतात आणि आकृतीचा चिखल होतो.

१४/
या आकड्यांत इतिहासाची उलटापालट दडली आहे. अटारीच्या काळी मुखपृष्ठ विस्तीर्ण होते आणि गेम १६० पिक्सेल रुंद. आज गेम भल्यामोठ्या पडद्यावर चालतो आणि मुखपृष्ठ १२० पिक्सेलांत मावावे लागते. चित्रकाराची ओढाताण तीच आहे. फक्त अडचण खोक्याच्या आतून बाहेर आली आहे.

१५/
वचनाचा प्रश्नही परतला. १ सप्टेंबर २०२२ पासून स्टीमने नियम केला: कॅप्सूलवर गेमचे चित्र, नाव आणि अधिकृत उपशीर्षक एवढेच असावे. समीक्षेतील गुण, पुरस्कारांची नावे, सवलतीच्या घोषणा नकोत. एवढ्याशा जागेत घोषणांची गर्दी झाली तर चित्राला बोलायला जागाच उरत नाही.

१६/
म्हणून परीक्षण या क्रमाने करावे. प्रतिमा १२० पिक्सेलांवर आणून पाहावी: आकृती ओळखू येते का, नाव वाचता येते का? मग विचारावे, खेळणारा या गेममध्ये मुख्यतः जे करतो ते चित्रात आहे का? चौकोन वापरले असतील तर ते सगळे एका मापाचे आहेत का, की नायकाचे मोठे आणि ढगांचे बारीक? आणि ज्या दशकाची आठवण काढली आहे, तिच्यामागे अभ्यास आहे की नुसती धूळ फासली आहे?

१७/
हे परीक्षण कठोर असावे, पण तुच्छतेचे नसावे. इंडी गेम पुष्कळदा एक-दोन माणसे वर्षानुवर्षे खपून करतात. त्यांच्याजवळ जाहिरातीचा फलक नसतो. अनोळखी माणसापुढे त्यांचे सारे श्रम एका बोटभर चित्रात उभे राहतात आणि क्षणात मागे सरकतात. रॉबिनेटला नाव लपवायला निदान एक खोली मिळाली होती.

१८/
यादी चाळताना पुढचे पिक्सेल मुखपृष्ठ समोर आले की क्षणभर थांबावे आणि ते साधन म्हणून वाचावे. आपल्या संग्रहातील कोणत्या मुखपृष्ठाने वचन पाळले आणि कोणाच्या हाती भलतेच पिस्तूल निघाले, हे खाली जरूर लिहावे. उदाहरणे जमली की चर्चा पुढे नेता येईल.

(धागा समाप्त)