गिरणीच्या आवारातील रात्र

लोअर परळच्या पुलावरून सायंकाळी ना. म. जोशी मार्गावर, म्हणजे जुन्या माणसांच्या डिलाईल रोडवर, उतरावे तो कचेऱ्यांतून सुटलेल्या माणसांचा लोंढा स्थानकाच्या रोखाने वाहत असतो. आणि त्या लोंढ्यात अंग चोरून, पाठीवरची गिटारीची काळी पिशवी सांभाळीत, दोन-चार तरुण उलट दिशेने गिरण्यांच्या जुन्या आवारांकडे निघालेले दिसतात. एके काळी या रस्त्याचा दिवस भोंग्यावर चाले. त्रासन खात्यातून, साचेखात्यातून पाळी संपवून आलेली माणसे, त्यांच्या चाळी, त्या चाळींतून रात्री उशिरापर्यंत चालणारी भजने आणि शाहिरांचे पोवाडे, असा या वस्तीचा नाद होता. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, आणि त्यानंतर गिरण्यांमागून गिरण्या थंडावत गेल्या. यंत्रे भंगारात निघाली, आणि जी गोदामे पाडली गेली नाहीत त्यांत कचेऱ्या, उपाहारगृहे आणि संगीताची दालने आली. जिथे एवढ्या माणसांचे अन्न तुटले तिथे आपण आनंदाकरिता जातो, ही जाणीव फाटक ओलांडताना मला होते, आणि ती होत राहावी असेच वाटते.

परवा अशाच एका दालनात शिरलो तेव्हा साउंडचेक चालू होता आणि श्रोता म्हणावा असा कोणीही आलेला नव्हता. बेस गिटारीच्या सर्वांत जाड तारेचा स्वर सेकंदाला सुमारे 41 कंपनांचा असतो. हवेतली त्याची एक लहर आठ मीटरांहून लांब, म्हणजे जवळजवळ त्या दालनाच्या रुंदीइतकी. ती उघड्या भिंतींवर आदळून परतत होती, ड्रमवरील प्रत्येक आघात दोनदा ऐकू येत होता, आणि झांजांची किनार कानाला बोचत होती. माझ्या कपाळावरची आठी पाहून मिक्सरपाशी बसलेला मुलगा म्हणाला, “आत्ता असंच वाजणार, काका. लोक आले की बसेल आवाज.” त्याचे म्हणणे पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने अक्षरशः खरे होते, कारण माणसांची शरीरे आणि त्यांची वस्त्रे ध्वनीचा, विशेषतः वरच्या पट्टीतल्या ध्वनीचा, पुष्कळसा भाग शोषून घेतात. तासाभरात शे-सव्वाशे माणसे जमली, आणि तीच वाद्ये, तोच मंच, त्याच भिंती असूनही आवाजाला घनता आली, स्वर एकमेकांपासून सुटे झाले, गाणारीचे शब्द कळू लागले. येथे श्रोता केवळ ऐकावयास येत नाही, त्याच्या उभे राहण्यानेच त्या संगीताचा घाट पुरा होतो. या गोष्टीचा मी त्या रात्री आणि त्यानंतरही पुष्कळ विचार केला.

त्या रात्री तीन बँड होते. पहिल्यातील मुले फारच कोवळी. दोन गाण्यांच्या मध्ये तारा जुळवताना त्यांना काय बोलावे ते सुचत नव्हते, आणि त्यांच्या वाजवण्याविषयी अधिक लिहिण्याजोगे काही नाही. दुसऱ्या बँडमधील ड्रम वाजवणारी मुलगी मात्र मी विसरणार नाही. दिवसभर कुठल्याशा कचेरीत हिशेब तपासून आलेली ती मुलगी, ओठ घट्ट मिटून, डोळे कोठेतरी दूर लावून, अशा निश्चयाने ताल धरीत होती की बाकीचे तिघे तिच्या आधाराने निर्धास्त भटकत आणि नेमक्या क्षणी परत येत. मधेच त्यांच्या गिटारवादकाची तार तुटली. गाणे थांबले नाही. तिसऱ्या बँडमधला एक जण कडेने वाकून मंचावर आला, आपली गिटार त्याच्या गळ्यात अडकवून, तुटक्या तारेची गिटार घेऊन अंधारात गेला, आणि पुढल्या गाण्यापर्यंत नवी तार चढवून हजर झाला. अॅम्प्लिफायर तिन्ही बँडचा एकच, ड्रमही एकच. मिळणारी बिदागी टॅक्सीच्या भाड्यात संपते. ही परस्परांची काळजी मला त्यांच्या कलेचाच एक घटक वाटते.

तिसऱ्या बँडने मराठीत गायले. स्वतःचे शब्द, स्वतःची चाल, हा आग्रह आज सहज वाटतो. पण पाश्चात्त्य गाण्यांची हुबेहूब नक्कल हेच या क्षेत्रात कौशल्याचे माप असण्याचा काळ फार मागे पडलेला नाही. 1984 मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या रॉक मशीनने, म्हणजे ज्यात महेश तिनईकर गिटार वाजवीत त्या आणि 1993 मध्ये इंडस क्रीड झालेल्या बँडने, 1988 साली स्वतःच्या रचनांची ध्वनिमुद्रिका काढली तेव्हा ते धाडसच होते.

त्या पिढीला आकाशाखालचा रंगमंच लाभला होता. धोबी तलावाजवळ, सेंट झेवियर्स महाविद्यालय आणि कामा रुग्णालय यांच्या सान्निध्यात असलेले रंगभवन हे ते ठिकाण. 1978 साली पहिली जाझ यात्रा तेथेच भरली, आणि पुढे रॉक संगीताचेही ते माहेरघर झाले. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली अंमलात आले, रुग्णालय, विद्यालय व न्यायालय यांच्या भोवतालची शंभर मीटरांची हद्द शांतताक्षेत्र मुक्रर झाली, रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपकास मज्जाव झाला, आणि रंगभवन मुके झाले. रुग्णाच्या निद्रेपुढे कोणत्याही गाण्याचा हक्क मोठा नाही, हे मला मान्य आहे. परंतु बंदिस्त दालनांना नियमांत मुभा असल्यामुळे हे संगीत चार भिंतींच्या आत गेले, आणि उंच छपरांची, शेजाराचा उपद्रव नसलेली दालने या शहरात उरली होती ती मुख्यतः गिरण्यांतच. मथुरादास मिलच्या आवारातील ब्लू फ्रॉग 2007 मध्ये उघडले, मुंबईच्या कितीतरी वादकांना त्याने नीट ऐकू येणारा मंच दिला, आणि 2016 मध्ये ते मिटले. जमिनीची किंमत वाढत जाते आणि सव्वाशे श्रोत्यांच्या तिकिटांतून तिचे भाडे निघत नाही, हे गणित अशा प्रत्येक दालनाच्या मुळाशी बसलेले असते.

1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा सुमारे तिसरा हिस्सा महापालिकेला मोकळ्या जागांसाठी आणि तितकाच घरबांधणीसाठी देवविला होता. 2001 च्या दुरुस्तीने ती वाटणी मुळातच रिकाम्या असलेल्या भूभागापुरती उरली, आणि शहराच्या पदरात फार थोडे पडले. त्या थोड्यातूनही एक दालन काढता येईल असे मला वाटते. ज्या महापालिकेने विलेपार्ल्यास दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह आणि मुलुंडला कालिदास बांधून नाटकाची तजवीज केली, तिने डिलाईल रोडच्या आसपास दोनशे माणसे उभी राहतील एवढी, भिंतींना आवाज शोषणारे अस्तर असलेली, ड्रम आणि अॅम्प्लिफायर जागच्या जागी असणारी एक खोली बांधावी, तिचे भाडे कोवळ्या मुलांना परवडेल असे ठेवावे, आणि आठवड्यातील एक रात्र वस्तीतल्या भजनी मंडळांकरिता व शाहिरांकरिता राखावी. त्यांची वहिवाट या भूमीवर गिटारीहून फार जुनी आहे.